सुध्याची सीडी आणि आप्पांचा कान

आम्हा बनारसच्या ब्रह्मा घाटावरच्या मराठी पोरांचं एक आहे. दोघं भेटले की सुध्याच्या सीडी प्लेयरचा किस्सा निघतो. तिसरा आला की "असं नव्हतं बे!" म्हणून आधी भांडतो आणि मग स्वतः नवा सांगतो. असे साठत गेलेत ते!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सुध्याच्या दादाने जर्मनीहून प्लेयर पाठवला, सोबत युरोडान्सच्या ओरिजिनल सीड्या. धडाधड ठेका, मधे बाई गाते, मग एक बुवा भराभर बडबडतो. कॅसेटची खरखर नाही, काही नाही. बनारसमध्ये असा आवाज फक्त आमच्याकडे! छाती काढून फिरायचो आम्ही.

संकट एकच. सुध्याचे वडील आप्पा वरच्या खोलीत विद्यार्थ्यांना वेद शिकवायचे. एक स्वर ढळला की पुन्हा पहिल्यापासून! त्यांनी बजावून ठेवलं होतं, "घरात टेप आहे ना? मग हे दुसरं धूड कशाला? दिवाळीला दादा आला की त्याच्याबरोबर परत जाईल."

सुध्याचा चेहरा तेव्हापासून उतरलेला.

* * *

सीडीला हात लावायचा तर आधी साबणाने धुवायचा, हा सुध्याचा नियम. आमचा पप्पू रेल्वेत, तोंडात कायम पान. एकदा तसाच आला आणि सीडी उचलली.

सुध्या किंचाळला, "अरे, कात लागेल!"

सुध्याची आई, म्हणजे आमच्या काकू, स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "देवाला शिवताना इतकं सोवळं पाळलं असतंस, तर आप्पा काही बोलले असते का?"

* * *

एकदा काकूंनाच सुध्याने स्पीकरसमोर बसवलं. "आई, आता नीट ऐक हं."

काकू कान देऊन बसल्या. "काहीच वाजत नाहीये रे!"

"तेच तर ऐकायचं! गाणं सुरू व्हायच्या आधीची शांतता. कॅसेटमध्ये नाही मिळत ही!"

पप्पू म्हणाला, "माझ्या टेपसमोर बसा, काकू. बिघडल्यापासून महिनाभर शांतताच आहे."

* * *

बिजली तर आमची जन्माची वैरी. गाणं रंगात आलं की गुल! परत आली की सीडी पुन्हा पहिल्यापासून.

पप्पू वैतागला. "कॅसेट निदान थांबली तिथून तरी सुरू होते!"

"कॅसेटला लाज नाही म्हणून!" सुध्या म्हणाला.

* * *

दिवाळीला दादा आला आणि परतीची बॅग भरायला लागला. सुध्या रडकुंडीला आला. "आप्पा, फरक आहे हो!"

आप्पा जपमाळ घेऊन दारात बसले होते. म्हणाले, "मग ओळखून दाखव. ओळखलंस तर राहील."

गोदौलिया बाजारातले कॅसेटवाले गुप्ताजी फराळाला आलेलेच होते. सुध्याच्याच सीडीवरून त्यांनी मागे एक कॅसेट भरून घेतली होती. "अरे भैया, बात तो वही है! मेमसाब वही, ढोल वही!" म्हणत त्यांनी ती दुकानातून मागवली.

सुध्याला भिंतीकडे तोंड करून उभा केला. गुप्ताजींनी तेच गाणं दोनदा वाजवलं, एकदा सीडी, एकदा कॅसेट. सुध्या एकदा हा कान पुढे करी, एकदा तो. रोज आम्हाला अक्कल शिकवणारा आमचा सुध्या!

"दुसरी... दुसरी सीडी!"

"गए काम से!" गुप्ताजींनी टाळी वाजवली. सुध्याने कपाळ भिंतीला टेकवलं. मला तर बघवेना. दादाने प्लग काढला आणि प्लेयर उचलला.

"थांब रे," आप्पा म्हणाले. "पहिली खरी. दुसरीत बाईचा स्वर किंचित चढलाय. आणि मागे कुणीतरी सारखं गहू पाखडतंय."

गुप्ताजींनी हातच जोडले. "वाह पंडितजी! मतलब गाना पसंद आया?"

"गाना? एकदम रद्दी!" आप्पा म्हणाले आणि दादाकडे वळले. "पण पाठ शुद्ध आहे. ठेव ते खाली."