बाबांचा हंडा
चिंचेनं पितळ घासल्याचा आंबट वास आला की भंडाऱ्यातली पन्नास वर्षांपूर्वीची ती दुपार आठवते. आई तीन दिवसांपासून दवाखान्यात भरती होती आणि बाबा घरी पितळी हंडा ठोकत बसले होते. जन्मभराच्या ठोक्यांनी त्यांचे कान गेलेले, म्हणून तयार हंडा कसा वाजतो ते खुणेनं सांगायचं काम माझं होतं. "आईकडे कधी जाता?" मी हातवारे करून विचारलं. "हा हंडा होऊन जाऊ दे, मंग जातो. सांग पोरी, कसा वाजून राहिला?" हंडा खणखणीत वाजत होता. पण चांगला म्हटलं तर ते लगेच पुढचा हंडा घेतील आणि बिघडला म्हटलं तर कंटाळून उठतील, असं वाटून मी बद्द वाजतो अशी खूण केली. चार दिवसांची मेहनत त्यांनी मोडीत टाकली. आता तरी उठतील, असं मला वाटलं. त्यांनी नवा पत्रा पुढ्यात ओढला. कामावर जीव लावावा, असं आज कुणी म्हणालं की मी तिथून उठते.