सुनांनी बांधलेला महाल

आमच्या मुलाचं लग्न भिंगारच्या अलीकडच्या एका जुन्या महालात जमलं. अक्षता तिथे पडल्या नाहीत, पण बाकी सगळं तिथेच उरकलं.

मुलीची आई आणि मामा सोनईहून आमचं घर बघायला आले होते. आमचं घर एवढं ऐसपैस की ते बघायला चार मिनिटं लागली, तीही बाईंनी फ्रीज उघडून पाहिला म्हणून. पोहे झाले, चहा झाला, दुसरा चहा झाला. आता माझ्या थापा सुरू होणार हे ओळखून बायकोने मला स्वयंपाकघरात घेतलं. "अहो, पोराचं मन बसलंय तिच्यावर. हे स्थळ हातचं जाता कामा नये. तुम्ही आज नुसतं हसायचं."

मी हसलो. इतका हसलो की मामांनी दातांच्या एका चांगल्या डॉक्टरचा पत्ता दिला. शेवटी मीच म्हणालो, चला, महाल दाखवतो. मुलाने गाडी काढली.

आता तो महाल पाहून गप्प बसणारा माणूस नगर जिल्ह्यात अजून जन्मायचाय. खाली काळा दगड, वर विटा. एक कमान टोकदार तर शेजारची गोल. चुन्यात कोरलेली इराणी फुलं आणि त्याच भिंतीतल्या खिडकीला साहेबाच्या काळातले लोखंडी गज. बाई मधोमध थांबल्या.

"आसं कसं वो हे? एका मिस्त्रीचं काम दिसत न्हाई."

खरं उत्तर मला ठाऊक होतं. राज्यं बदलली, तसा महाल बदलला. पण खरं सांगायला दारात सरकारी फलक लावलाच होता, त्याच्या पोटावर मी कशाला पाय देऊ?

"ताई, ही सगळी सुनांची कामं," मी म्हणालो. "पहिल्या बेगमने टोकदार कमान बांधली. सून आली, म्हणाली टोकात कबुतरं घाण करतात, गोल करा. तिच्या सुनेला दगड गार लागला, तिने विटा चढवल्या. शेवटच्या सुनेची सासू खिडकीतून डोकावायची, म्हणून तिने गज ठोकले!"

मामा खो खो हसले. बाई हसल्या नाहीत. बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की घुमटातली कबुतरं उठली ती थेट हिवरे बाजारला जाऊन टेकली.

"आन् तुमच्या घरात?" बाईंनी बायकोला विचारलं. "माझी पोर बी जरा तशीच हाय. उद्या म्हनली, ही भित पाडा, तर वो?"

मुलाचा चेहरा चुन्यासारखा झाला. मी भिंतीवरची फुलं मोजू लागलो.

"कुठली भिंत ते आदल्या दिवशी सांगायचं," बायको म्हणाली. "म्हणजे मी मांडणीवरची भांडी काढून ठेवीन. मी नवी होते तेव्हा न विचारता चूल काढून ओटा घातला होता. सासूबाई आठवडाभर बोलल्या नाहीत. मग त्याच ओट्याशी उभ्या राहून पुरणपोळ्या लाटायला लागल्या. वर सगळ्यांना सांगायच्या, ओटा मीच घालून घेतला."

"आन् हे पाव्हणं?"

"हे तेव्हाही असंच बोलायचे."

"तुमी ऐकता सगळं?"

"ऐकतंय कोण?"

बाई अशा हसल्या की त्यांना कमानीला टेकावं लागलं. डोळे पुसत त्यांनी मोबाईल काढला आणि मालकांना फोन लावला.

"अवो, साखरपुड्याचं बघा. घर चांगलं हाय, सासू तर लईच चांगली... व्हय, महाल बी बघितला. सात सुनांनी बांधलाय म्हनं. येकीनं तर गजासाठी इलायतेहून आख्खी आगबोट आनली हुती, भिंगारपर्यंत!"

सातचा आकडा मी उच्चारलाही नव्हता. आगबोट तर माझ्या स्वप्नातही नव्हती. मी मुकाट्याने विहीणबाईंची पिशवी उचलली आणि गाडीकडे चालू लागलो.