पहिल्या मापाला लाभ

नव्या तांदळाचा वास आला की मला कुळगावच्या बाजारातली ती सकाळ आठवते. माझे वडील तिथे पायलीने भात मोजायचे. पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं; पुढे दोन, तीन. किलोचा कायदा आला, तशी वजनमापे खात्याच्या एका साहेबाने भर बाजारात त्यांच्या लोखंडी पायलीच्या बुडाला छिन्नीने भोक पाडलं. "आता वजनावर द्यायचं, बाबा," तो म्हणाला. वडील घरी आले, त्याच फुटक्या पायलीत तांदूळ भरला आणि "लाभ" म्हणाले. दाणे जमिनीवर गळत राहिले. शेवटचा दाणा पडला तरी त्यांच्या तोंडून 'दोन' काही निघालं नाही. आज एकटीपुरते वाटीभर तांदूळ घेताना मीही 'लाभ' म्हणते. दोन म्हणायची वेळच येत नाही.