खिशात टॅग नव्हता

माझं शिक्षण दहावी. वायुसेनेत वीस वर्षं फिटर होतो, सार्जंट होऊन निघालो. लिहायची सवय नाही. जसं झालं तसं, वेळेसकट लिहितो.

छत्तीसगड वेगळं झालं, रायपूर राजधानी झालं, त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. फौजेतून निघून मी रायपूरजवळच्या माना इथल्या विमानतळावर एका खासगी विमान कंपनीत लागलो होतो. विमान आलं की तपासायचं, बारीकसारीक बिघाड काढायचा, लॉगबुकात सही करायची. सही झाल्याशिवाय विमान हलत नाही. आधी दिवसाला मोजकी विमानं यायची. राजधानी झाल्यावर मंत्री, सचिव, ठेकेदार, सगळ्यांनाच सकाळी उडायचं होतं. आज जिथे नवा रायपूर आहे तिकडे तेव्हा धानाची शेतं होती. धावपट्टीच्या टोकाशी बाया निंदायला वाकलेल्या दिसायच्या.

एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. कॉकपिटमध्ये पायलटच्या सीटमागे ब्रेकरची पाटी असते. काळी बटणं, ओळीनं. एखाद्या यंत्रावर काम करायचं तर त्याचं बटण बाहेर ओढायचं, वीज बंद. ओढलेल्या बटणावर लाल टॅग अडकवायचा. काम झालं की बटण आत दाबायचं, टॅग काढून शर्टाच्या डाव्या खिशात टाकायचा. टॅग खिशात म्हणजे बटण आत. फौजेत शिकलो, कंपनीतही तेच केलं.

त्या दिवशी माझी बायको कमल त्याच विमानानं मुंबईला जात होती. तिच्या हृदयाची झडप खराब होती, ऑपरेशन ठरलं होतं. सोबत मोठी पोट्टी, संध्या. कमल पहिल्यांदाच विमानात बसत होती. समता कॉलोनीतून ऑटोनं दोघी सहालाच आल्या. मी ड्यूटीवर होतो.

विमान सहा वीसला उतरलं. सात पाचला सुटायचं. कॅप्टननं मला वर बोलावलं. नाव लिहीत नाही, माणूस भला होता, कॅप्टनच म्हणतो.

"मेश्राम, उतरल्यावर धावपट्टीवरून टॅक्सी करताना हॉर्न वाजला. कारण नसताना."

हा हॉर्न कशाचा ते सांगतो. उडताना पंखाची मागची कड खाली उतरवावी लागते, तिला फ्लॅप म्हणतात. फ्लॅप न उतरवता पायलटनं उडण्यासाठी इंजिनाचा जोर वाढवला तर हॉर्न वाजतो. फ्लॅपशिवाय भरलेलं विमान उठत नाही. उठलं तर टिकत नाही.

बिघाड इंजिनाच्या दांड्याखालच्या एका बारीक स्विचमध्ये होता. मी हॉर्नचा ब्रेकर ओढला, लाल टॅग लावला, दांड्याखालची पट्टी उघडून उताणा पडून हात घातला. सात वाजायला दोन मिनिटं होती.

कॉकपिट केवढं असतं? आपल्या घरची मोरी त्याहून मोठी. त्यात कॅप्टन, को-पायलट, मी उताणा. दारात तिवारी. तिवारी म्हणजे आमचा डिस्पॅचर, वजनाचे कागद आणि वेळ सांभाळणारा.

"कॅप्टन, लोडशीट."

"ठेव तिथे."

"मंत्रीजींचे पी. ए. विचारून राहिले, किती वेळ?"

पी. ए. स्वतःच तिवारीच्या खांद्यावरून डोकावला. "भैया, ये खटर-पटर मुंबई में उतर के कर लेना."

मी म्हटलं, "साहेब, उतरायचं पक्कं करण्यासाठीच करून राहिलो."

को-पायलट हसला. पी. ए. हसला नाही. तेवढ्यात कंपनीच्या रेडिओवर कोणी मंत्र्याच्या बॅगेचं विचारू लागलं. कॅप्टननं एकदा उत्तर दिलं, दोनदा दिलं, तिसऱ्यांदा त्या सेटचा आवाजच बंद केला. ते मी ऐकलं. तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही.

सात पस्तीसला स्विच बसला. मी पट्टी लावली, उठलो. आता ब्रेकर दाबायचा, टॅग काढायचा, हॉर्न वाजवून बघायचा. एवढंच राहिलं होतं. हात वर केला तर मागून एअर होस्टेस.

"अंकल, आंटी आपको बुला रही हैं. रो रही हैं."

मी हात खाली घेतला.

कमल तिसऱ्या रांगेत होती. पट्टा गळ्यापर्यंत ओढून घेतलेला. संध्या म्हणाली, "बाबा, समझाओ ना इसको, उतरने का बोल रही है."

कमलनं माझा हात धरला. हात थंड होता. "तुमी आत काय करून राहिले? बिघडलं काय विमान?"

"होतं बारीकसं. झालं."

"तुमी सोता पाह्यलं ना?"

"मीच पाह्यलं. निवांत बस."

"मंग मले भेव नाही," ती म्हणाली आणि तिनं हात सोडला.

मी परत आत गेलो. कॅप्टननं लॉगबुक पुढे केलं, पेन दिला. "झालं ना?" मी म्हटलं, "झालं सर." सही केली. वेळ टाकली, सात चाळीस. कमलला झालं म्हणून सांगितलं होतं, तेच डोक्यात झालेलं होतं. पाटीकडे मी पाहिलंच नाही.

सात सत्तेचाळीसला इंजिनं सुरू झाली. मी खाली हेडसेट लावून उभा. कॅप्टनचा आवाज आला, "ओके ग्राउंड, डिस्कनेक्ट." वायर काढली, अंगठा दाखवला. विमान निघालं. खिडकीत कमल दिसते का पाहत होतो. दिसली नाही. विमान वळलं तेव्हा नजर पंखावर गेली.

पंखाची मागची कड सपाट होती. फ्लॅप उतरलेच नव्हते.

पहिल्यांदा मनात आलं, काही कॅप्टन पुढे जाऊन उतरवतात. मग आलं, गडबडीत विसरला असेल. मग आलं, विसरला तर हॉर्न आहे.

हॉर्न.

हात आपोआप डाव्या खिशावर गेला. खिसा रिकामा. उजवा पाहिला. पँटचे पाहिले. उताणा झोपलो तेव्हा पडला असेल म्हणून स्वतःला समजावत होतो, पण मला माहीत होतं. टॅग वर होता, ब्रेकरवर. हॉर्न मुका होता. तो मुका मीच केला होता, आणि त्या विमानात सगळं ठीक आहे म्हणून कागदावर सही माझी होती.

लढाईचे दिवस पाहिले आहेत, बॉम्ब पडताना खंदकात बसलो आहे. एवढं भेव तेव्हाही वाटलं नव्हतं. तेव्हा मी एकटा मरणार होतो. इथे विमान भरलेलं होतं.

तेव्हा मानाला धावपट्टीशेजारी वेगळा रस्ता नव्हता. विमान धावपट्टीवरूनच टोकापर्यंत जायचं आणि तिथे वळून उडायचं. म्हणजे चारेक मिनिटं. त्यातलं एक मी खिसे चाचपण्यात घालवलं होतं.

तिवारी शंभर पावलांवर जीपजवळ होता. मी पळालो. पन्नाशीत होतो तेव्हा.

"तिवारी, थांबव. विमान थांबव."

"क्या हुआ अंकल? ऑलरेडी बयालीस मिनट लेट है. मंत्रीजी..."

"फ्लॅप झिरो आहेत. हॉर्न बंद आहे. बोल त्याले."

तिवारीचा चेहरा उतरला. त्यानं सेट उचलला, कंपनीच्या फ्रीक्वेन्सीवर हाक दिली. उत्तर नाही. पुन्हा दिली. नाही. तेव्हा मला आठवलं. कॅप्टननं आवाज बंद केला होता.

"टॉवर लाव," मी म्हटलं. जीपमध्ये टॉवरचा दुसरा सेट होता. तिवारीला बटण सापडेना. मी सेट त्याच्या हातून हिसकावला. परवानगी नव्हती मला.

"टॉवर, ग्राउंड क्रू. टेकऑफ थांबवा."

"स्टेशन कॉलिंग, कारण सांगा."

"फ्लॅप झिरो. त्याले सांगा फ्लॅप झिरो."

दोन सेकंद काही नाही. विमान टोकाशी वळलेलं दिसत होतं, नाक आमच्याकडे. इंजिनाचा आवाज चढला. पलीकडे शेतात बाया तशाच वाकलेल्या. मी कमलच्या थंड हाताचा विचार केला, दुसरं काही सुचलं नाही.

आवाज चढत होता तो मध्येच पडला.

सेटवर टॉवरनं म्हटलं, "ग्राउंड, ही इज होल्डिंग." मग कॅप्टनचा आवाज, हळू. "टॉवर, फ्लॅप्स वेअर अप. रिटर्निंग टू बे."

मी जीपच्या चाकाला टेकून खाली बसलो. तिवारी म्हणाला, "अंकल, पानी?" मी नको म्हणून मान हलवली.

विमान परत आलं. मी वर गेलो. कॅप्टन सीटवरून उठला नाही, फक्त मागे बोट दाखवलं. लाल टॅग लोंबत होता. मी ब्रेकर दाबला, हॉर्न वाजवून पाहिला, तीनदा. पी. ए. दारात आला तेव्हा को-पायलटनं दार लावून घेतलं.

आठ चाळीसला विमान उडालं, फ्लॅप उतरवून. कमलला काही कळलं नाही. दुपारी संध्याचा फोन आला. "पहुंच गए बाबा. आई म्हणते चहा चांगला होता."

तिसऱ्या दिवशी कंपनीचा चौकशी अधिकारी आला. त्याआधी कॅप्टननं मला फोन केला होता. म्हणाला, "सार्जंट, माझी चूक मी लिहिली. बोलता बोलता चेकलिस्टमधली फ्लॅपची ओळ सुटली. तू लिही की कॉकपिटमध्ये गर्दी होती. बायकोचं लिहू नकोस, उगीच लायसनवर येईल."

कागद पुढे आला. त्यात एक प्रश्न होता. काम चालू असताना तुमच्याशी कोणी बोललं काय?

हा प्रश्न मला आधी एकदा विचारला होता.

आसामात पोस्टिंग होतं. मी तेवीस वर्षांचा. कॉर्पोरल हरसिंग बिष्ट कुमाऊँचा, माझा सिनिअर. रायफल सोडून बाकी सगळं त्यानं शिकवलं मला. टॅगची सवयही त्याचीच. मी त्याला दाज्यू म्हणायचो, त्यांच्याकडे मोठ्या भावाला म्हणतात.

मालवाहू विमान सकाळी सहाला निघायचं होतं. विमान उभं असताना वाऱ्यानं शेपटीचे हलते भाग हलू नयेत म्हणून त्यांना लॉक लावतात. लॉक राहिला तर विमान वर उचलता येत नाही. तीन लॉक. पाच चाळीसला बिष्ट शिडीवर चढून ते काढत होता. मी मेसमधून टपाल घेऊन आलो आणि लांबूनच ओरडलो, "दाज्यू, घर से चिट्ठी." तो दोन लॉक हातात घेऊन खाली उतरला. उभ्यानं पत्र वाचलं. मुलगी झाली होती. मला म्हणाला, "ले, तू चाचा बन गया." दोनदा वाचलं. तेवढ्यात विमानातून हाक आली, ढग येत होते, घाई होती. बिष्टनं शिडी ओढून बाजूला टाकली आणि आत चढला. सोबत उडायची ड्यूटी त्याचीच होती.

विमान धावत गेलं, उठलं नाही. धावपट्टीच्या पुढे चहाच्या मळ्यात शिरलं आणि पेटलं. पाच जण होते. पायलटनी उडण्याआधी शेपटी हलवून का पाहिली नाही, हे सांगायला कोणी उरलं नाही. राखेत तिसरा लॉक शेपटीला तसाच सापडला.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत विंग कमांडरनं मला विचारलं, "काम करताना बिष्टशी कोणी बोललं?"

मी म्हणालो, "नो, सर."

कागदावर बिष्टची हयगय म्हणून लागलं.

म्हणून रायपूरला मी खरं लिहिलं. बायकोनं बोलावलं, मी गेलो, परत येऊन न पाहता सही केली. लायसन सहा महिने काढून घेतलं. बॅगा चढवायला लावलं. कमल ऑपरेशन होऊन परत आली, तिला भनपुरीला राहणाऱ्या भावाकडून कळलं. चिडली.

"काहून लिहिलं माह्यं नाव? मी काय तुमचा हात धरून बसली होती?"

तेव्हा तिला बिष्टचं सांगितलं. तोवर कोणाला सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, "मंग त्याच्या घरी कधी लिहून राहिले?"

मी म्हटलं, लिहितो. ती दर वर्षी विचारायची. मी दर वर्षी लिहितो म्हणायचो. पत्ता नाही, वय झालं, आता काय उपयोग, असं काहीबाही सांगायचो. ती म्हणायची, "भेता तुमी." खरं होतं. त्या झडपेनं तिला पुष्कळ वर्षं दिली. मागच्या पौषात ती गेली. आता विचारणारं कोणी नाही, म्हणून लिहायला बसलो.

बिष्टची बायको आहे की नाही माहीत नाही. मुलगी असेल. तिचं नाव पत्रात होतं की नाही तेही मला माहीत नाही. ती कुठेही असो, कोणी हे वाचून तिला सांगेल तर एवढंच सांगा.

कॉर्पोरल हरसिंग बिष्टनं कामात हयगय केली नाही. तुझ्या जन्माचं पत्र वाचायला तो शिडीवरून उतरला. हाक मी मारली होती.