जळोचीची ममी

बारामतीच्या शाळेत मी सातवीत होते, तेव्हा इतिहासाला नवे गुरुजी आले. ट्रेनिंग कॉलेजातून नुकतेच बाहेर पडलेले. पहिल्याच आठवड्यात म्हणाले, "प्राचीन संस्कृतींचा धडा मी शिकवणार नाही. तुम्ही मला शिकवायचा." आम्हाला वाटलं, यांना धडा येत नसावा.

त्यांनी वर्गाचे गट पाडले. सिंधूवाल्यांनी कॅनॉलच्या कडेची काळी माती आणून मोहेंजोदडो रचायला घेतलं. बाबिलोनवाले झुलत्या बागेसाठी घरोघर कुंड्या मागत हिंडू लागले. आमच्या वाट्याला इजिप्त आलं. आम्ही तिघंच होतो. एका वकिलांचा मुलगा, मी, आणि जळोचीहून चालत येणारी एक मुलगी.

ही मुलगी मूळची इंदापूरकडच्या खेड्यातली. आदल्या वर्षी तिचे वडील वारले, म्हणून आईनं तिला जळोचीला मामाकडे शिकायला पाठवलं होतं. मामा माळवं करायचा. सकाळी मेथीच्या जुड्या बांधून ती शाळेत यायची, त्यामुळे तिची बोटं कायम हिरवट असायची. वर्गात ती बोलत नसे. आल्या आल्या एकदा तिनं "व्हय गुरुजी, हाय" म्हटलं होतं आणि सगळा वर्ग फिदीफिदी हसला होता. खरं तर आमच्यातले निम्मे घरी तसंच बोलायचे. पण शाळेत हसायला तेच पुढे.

गटात प्रत्येकानं काहीतरी करायचंच, असा गुरुजींचा नियम होता. वकिलांच्या मुलानं नाईल नदी आणि पिरॅमिड घेतले. ममी कशी करत, हे मी सांगणार होते. हिला काय द्यायचं, हे काही सुचेना. वाचनालयातल्या पुस्तकात पट्ट्या गुंडाळलेल्या ममीचं चित्र होतं. ते तिनं बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "मी ही हुते. हिला बोलावं न्हाय लागत."

माझे वडील शिंपी. बाजारपेठेत त्यांचं दुकान होतं. उरलेल्या मांजरपाटाच्या लांब लांब पट्ट्या त्यांनी कापून दिल्या. त्या घेऊन मी आणि वकिलांचा मुलगा सुटीच्या दिवशी जळोचीला गेलो. तालीम तिथंच, मळ्यातल्या लिंबाखाली करायची ठरलं होतं. तिची मामी वांगी तोडत होती. आमचं बोलणं ऐकून तिनं पाटी खाली ठेवली.

"कुनाची मामी करताय गं?"

"मामी न्हवं, ममी," ही म्हणाली. "मिसर देशातला राजा. मेल्यावर कापडात गुंडाळत्यात."

मामीचा चेहरा उतरला. "जित्या पोरीला पांढऱ्यात गुंडाळताय? तुमच्या मास्तरला कळतं का काय? हिच्या घरात येक जाऊन अजून वरीस न्हाय झालं."

वकिलांचा मुलगा पुस्तक पुढे करून समजावू लागला, पण मामीनं तिकडे पाहिलंही नाही. शेवटी हीच मामीजवळ गेली. "मामी, त्यात कुणी मरत न्हाय. सगळी पोरं काय काय करणार, मी येकटीच बसून ऱ्हाऊ का?"

मामीनं तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "कुकू पुसायचं न्हाय. बांगड्या काढायच्या न्हाईत."

"इजिप्तमध्ये राजाला कुंकू नव्हतं," वकिलांचा मुलगा कुजबुजला. मी त्याच्या पायावर पाय दिला.

त्यानंतर आम्ही रोज तालमी केल्या. ती निमूट आडवी व्हायची, मी पट्ट्या गुंडाळायची आणि पाठ केलेलं म्हणायची. मामीही अधूनमधून बांधावर येऊन ऐकायची. नाकातून आकड्यानं मेंदू काढतात, हे ऐकून ती "शिव शिव" म्हणत गेली, ती थोड्या वेळानं परत आली.

आमचा दिवस आला तेव्हा हेडमास्तरही वर्गात येऊन बसले. सिंधूवाल्यांचं गाव वाळून तडकलं होतं, तरी त्यांना शाबासकी मिळाली. मग गुरुजींच्या टेबलावर आम्ही ममी आडवी केली. कपाळावर कुंकू, हातात हिरव्या बांगड्या. डोळ्यांवरून आणि तोंडावरून मी पट्टी सैलच घेतली होती. पोरं तोंडं दाबून हसत होती.

वकिलांच्या मुलानं नाईल नदी झकास सांगितली. मग मी उभी राहिले. मेंदू काढला, आतडी काढली, बरण्यांत भरली. आणि हेडमास्तरांकडे नजर गेली तशी पुढचं सगळं पुसलं गेलं. मी नुसती उभी.

टेबलावरून हळूच आवाज आला, "काळीज काढत न्हाईत. त्ये आतच ठेवत्यात. मग मिठात मुरवत्यात."

वर्गात हशा फुटलाच. कुणी बाकावर हात आपटले, कुणी "मुडदा बोलला, मुडदा बोलला" म्हणून ओरडलं. मला वाटलं, आता ही उठून पळणार. पण ती हलली नाही. गुरुजींनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि टेबलाजवळ येऊन अगदी गंभीरपणे विचारलं, "मिठात मुरवल्यावर काय करतात?"

पट्टीखालून ती सांगू लागली. तेल लावतात, पट्ट्या गुंडाळतात, शेजारी धान्य ठेवतात, भाकरी ठेवतात, दागिने ठेवतात. रोज निजल्या निजल्या ऐकून तिला माझ्यापेक्षा चांगलं पाठ झालं होतं. "हाय" आणि "न्हाय" येत होतं, पण आता कुणी हसत नव्हतं.

"मेलेल्या माणसाला भाकरी कशाला?" हेडमास्तरांनी विचारलं.

हे आमच्या पुस्तकात नव्हतं.

"त्याला भूक लागंल, असं घरच्यांस्नी वाटतंच की," ती म्हणाली. "आमी बी ठेवलं व्हतं. माझ्या बाला गुळाचा च्या लागायचा. आईनं पानाशेजारी त्यो बी ठेवला. कावळा च्या पीत न्हाय, म्हाईत हाय तिला. तरी ठेवला."

हेडमास्तरांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. गुरुजी म्हणाले, "बरोबर. तेही असंच समजत असणार." मग त्यांनी स्वतः तिला आधार देऊन उठवलं आणि मी पट्ट्या सोडल्या. तिचा चेहरा घामानं डबडबला होता. तिनं एकदा वर्गाकडे पाहिलं आणि खाली मान घालून जागेवर जाऊन बसली.

लगेच ती बोलकी झाली, असं नाही. पण पुढच्या आठवड्यात गुरुजींनी चीनबद्दल काही विचारलं, तेव्हा ती आपण होऊन उभी राहिली. उत्तर चुकलं. चुकलं म्हणून वर्ग हसला, तशी तीही हसली.

फायनलची परीक्षा झाली आणि ती आईकडे परत गेली. पुढे माझं लग्न झालं, मी पुण्याला आले. बऱ्याच वर्षांनी इंदापूरच्या स्टँडवर कुणीतरी मागून माझा दंड धरला. तीच. कडेवर पोर, डोक्यावर पदर, अंगानं भरलेली. भवानीनगरच्या साखर कारखान्यात नवरा कामाला होता. सासूचं दुखणं, शाळेत बाई हव्यात म्हणून गावच्या सरपंचाशी तिनं घातलेला वाद, उसाला लागलेली हुमणीची कीड, सगळं तिनं एका दमात सांगितलं. मला मधे एक शब्द घालता येईना, आणि घालावासाही वाटेना. माझी गाडी लागली, भरली, कंडक्टरनं दोनदा घंटी दिली.

"जा की, गाडी सुटल," ती म्हणाली.

"सुटू दे," मी म्हणाले, आणि आम्ही दोघी बाकावर बसलो.