जलीलचाचांची नारिंगी केळी

अहमदपुरात माझं स्टेशनरीचं दुकान आहे आणि जलील पेंटर माझा शाळेपासूनचा मित्र. चाळीस वर्षं त्याने गावभरच्या दुकानांच्या पाट्या रंगवल्या. आता दर रविवारी घराच्या ओट्यावर गल्लीतल्या आठ-दहा पोरांना चित्रकला शिकवतो. देतो तीनच रंग: लाल, पिवळा, निळा. "बाकीचे तुम्ही पैदा करा," म्हणतो. समोर अर्धापूरच्या केळ्यांची फणी ठेवायची, ती बघून चित्र काढायचं आणि तास संपला की फणी खाऊन टाकायची. माझी नात अक्षरा या शेवटच्या भागात जास्त हुशार आहे.

गेल्या वर्षी जलील पिवळ्या रंगाच्या बाटल्या भराभर न्यायला लागला. मी चिडवलं, "काय रे, हळद लागायची हाय का तुला?"

"आजकाल रंगच फिका येऊन राहिला, अण्णा."

माझ्या मालाला नावं ठेवली म्हणून मी दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही. असा मी शहाणा!

मग एकदा अक्षराच्या दप्तरात एकाच फणीची दोन चित्रं सापडली. एकात केळी पिवळीधमक, दुसऱ्यात चक्क नारिंगी.

"हे काय गं?"

"नारिंगी चाचांचं," ती म्हणाली. "पिवळं दाखवलं की चाचा म्हणतात, फिकं हाय, अजून टाक, थोडा लाल टाक. त्यांना नीट दिसतच न्हाई, आबा. म्हणून आम्ही सगळे दोन कागद करतो. एक त्यांना दाखवायला, एक घरी न्यायला. आमच्यात सगळ्यांत मोठी मनतशादीदी, ती म्हणली, चाचांना सांगायचं न्हाई."

मला हसू आलं नाही. दुसऱ्याच दिवशी जलीलला एसटीत बसवलं आणि लातूरला नेऊन डोळे तपासून घेतले. दोन्हीकडे मोतीबिंदू. दीड-दोन महिन्यांत दोन्ही ऑपरेशनं झाली.

घरी आल्यावर ओट्यावर दोरीला लावलेली पोरांची चित्रं त्याने पाहिली. ओळीने नारिंगी केळी. रविवारी पोरं आली, तर त्याने दार उघडलं नाही.

"साल झालं, पोरान्ला खोटं शिकवून राहिलो," तो मला म्हणाला. "आता कोणत्या तोंडानं शिकवू? बंद करतो."

ज्याच्या रंगावर अख्ख्या गावाने डोळे झाकून भरवसा ठेवला, त्याला असं बसलेलं मला बघवेना. रागही आला. घरी जाऊन अक्षराची फाइल आणली आणि त्याच्या मांडीवर आपटली. दोन कागदांची सगळी हकिकत सांगितली.

"नवे डोळे आलेत ना? मग बघ की!"

आत घरी नेलेले कागद होते, रविवारमागून रविवारचे. केळी पिवळी, देठाशी हिरवट, सालीवर तपकिरी ठिपके. तो तपकिरीसुद्धा तीनच रंगांतून काढलेला. जलील एकेक कागद जवळ धरून बघत राहिला.

"हे कुणी शिकवलं हिला?"

"माझ्या दुकानात शिकवणी नाही," मी म्हणालो. "तूच की, बाबा."

त्याने डोळ्याकडे हात नेला. मी ओरडलो, "हात लावू नको! डॉक्टरनं काय सांगितलंय?"

पुढच्या रविवारी ओट्यावर फणी आली. पोरांनी सवयीने दोन-दोन कागद घेतले. जलील प्रत्येकाकडे बघत होता. अक्षराने ब्रश उचलला आणि सगळ्यांदेखत विचारून टाकलं, "चाचा, आधी कोणतं काढू? तुमचं का माझं?"

जलीलने तिच्या पुढ्यातला एक कागद उचलून बाजूला ठेवला.

"एकच काढ, बेटा. आता तुला दिसतंय तेच मलाबी दिसतंय."