झडतीवाली

दुसऱ्या बाईच्या कमरेशी बोटं घालून परकराच्या गाठीत काही लपवलंय का ते चाचपायचं, हे माझं काम. घरचे पाहुण्यांना 'सिक्युरिटीत आहे' असं सांगतात. पाहुण्यांना वाटतं, मी कुठंतरी गार खोलीत बसून कॅमेरे बघते. मी बघते ते वेगळं. पोटावर उमटलेले नाडीचे वळ बघते, काखेतले घामाचे ओले गोल बघते. कुणाच्या अंगाला बामाचा वास आहे आणि कुणाच्या अंगाला दोन दिवस न धुतलेल्या ब्लाउजचा, हे मला नको असताना कळतं. नागापूरच्या एमआयडीसीत पितळी नळांचे भाग करणारी एक कंपनी आहे. तिच्या गेटवर, पडद्याआड, शिफ्ट सुटली की साठ-सत्तर बाया एकामागून एक माझ्या हाताखालून जातात. मला किळस येते. पहिल्या दिवशी आली, आजही येते. 'सवय होते' म्हणणाऱ्यांनी एकदा माझ्या जागी उभं राहून बघावं.

घरी गेले की भाकरीच्या पिठाला हात लावायच्या आधी मी तीनदा साबण लावते. सासूबाई म्हणतात, "साबन संपतो का मानूस, तेवढं बगायचं राह्यलंय." त्यांचं खोटं नाही.

या नोकरीआधी चौदा वर्षं मी वाइंडर होते. पाण्याच्या मोटारीच्या आत तांब्याच्या तारेचे वेढे असतात, ते भरायचं काम. ते मशीनवर होतं, पण खाचेत तार बसवणं, एकही वेढा न सोलता दोऱ्यानं आवळणं, हे बोटांचंच काम आहे. चौदा वर्षांत माझ्या बोटांना डोळे फुटले होते. डोळे मिटून तार हातात दिली, तरी ती जाडीला सव्वीस गेजची की अठ्ठावीसची ते मी सांगायची. नवीन आलेले इंजिनीअर मोजून बघायचे आणि आकडा तोच निघायचा. मला त्याचा माज होता. का नसावा? सोनईहून लग्न होऊन आलेली दहावी नापास पोरगी, आणि साहेब लोक तिच्या बोटांची परीक्षा घेऊन हरतात!

माझ्या शेजारच्या टेबलावर माझी जोडीदारीण. आमच्या दोघींची एक रीत होती. जेवणाच्या सुट्टीत कुणी आपला डबा आपण उघडायचा नाही. माझा ती उघडायची, तिचा मी. कशी पडली ही रीत, आठवत नाही. बहुतेक एकदा वार्निशनं तिची बोटं चिकटली होती, तेव्हा मी तिचा उघडला आणि मग तसंच चालू राहिलं. तिचा डबा उघडताना मला रोज आधी वासावरून ओळखायचं असायचं, ठेचा की वांगं. खाऊन झालं की ती भाकरीच्या शेवटच्या तुकड्यानं डबा पुसून घ्यायची आणि नळावर जाऊन घासायची. नळाला पाणी नसलं तर बाटलीतलं पिण्याचं पाणी घालायची. तिच्या डब्यात कधी शीत राहिलेलं मी पाहिलं नाही.

त्या कंपनीच्या गेटवरही एक बाई होती. पन्नाशीची, खाकी साडीतली. तांबं महाग, म्हणून रोज आमची झडती व्हायची. तिचं नाव मला कधी कळलं नाही, कळावं असं वाटलंही नाही. आम्ही तिला झडतीवाली म्हणायचो, तेही तिला ऐकू जाईल असं. तिच्यापाशी आमच्यातलं कुणी जेवायला बसायचं नाही. ती गेटच्या खोलीमागं एकटी बसायची आणि भाकरी आमटीत कुस्करून चमच्यानं खायची. भाकरी, आणि चमच्यानं! "मड्डमचा थाट बगा," म्हणून आम्ही पोट धरून हसायचो.

ती डब्यातही बोट फिरवायची. मग मी एक शक्कल काढली. शक्कल माझीच, हे आधीच कबूल करते. डबे धुवायचेच नाहीत. उलट त्यात आंबलेली आमटी ठेवायची, चोखून टाकलेल्या शेवग्याच्या शेंगा ठेवायच्या, कुणी मटण आणलं असेल तर हाडकं. घाल म्हणावं बोटं. पहिल्या दिवशी ती डब्याकडे बघत राहिली, मग तिनं बोटं घातली. मी विचारलं, "मीठ बरोबर हाय ना मावशी?" लाइनमधल्या सगळ्या जणी खिंकाळल्या. पुढं महिनाभर हे चाललं. माझी जोडीदारीण तेवढी त्यात नव्हती. "मला न्हाई बाई डबा घान ठेवायला जमत," म्हणायची. मला तेव्हा तिचा रागच आला होता, मोठी सोवळी म्हणून.

मग कंपनी बसली. बाहेरून स्वस्त मोटारी यायला लागल्या. जळाली तर फेका आणि नवी घ्या, असा मामला. आधी शनिवार गेला, मग आठवड्याचे तीनच दिवस राहिले, मग ले-ऑफ, आणि एक दिवस गेटवर कागद. तो कागद वाचताना बायांची गर्दी झाली आणि झडतीवाली बाजूला उभी होती. त्या दिवशी तिनं कुणाचीच झडती घेतली नाही. आम्हाला त्याचंही काही वाटलं नाही.

जोडीदारणीला पंधरा दिवसांत या पितळवाल्या कंपनीत कंत्राटी काम मिळालं. ती माझ्या घरी आली. म्हणाली, "येती का गं? आनखी चार बाया पायजेत. पिशव्या भरायच्यात, बसून काम हाय. दोघी संगं जाऊ."

मी काय म्हणाले ते मला शब्दाशब्दानं आठवतं. "पिशव्या भरायच्या? मी? अगं, ते काम कुनीबी करतं. तू जा, तुला चालतंय."

'तुला चालतंय'. तिनं चहा अर्धा ठेवला. माझ्याकडे बघून हसली आणि गेली.

मी वाइंडिंगचं काम शोधत सात महिने फिरले. केडगावपर्यंत दुकानं पालथी घातली. दुकानात मालकाचा पुतण्या असायचा, मेहुणा असायचा. वाइंडर बाई नको असायची. पिशव्या भरायच्या जागाही तोवर भरल्या. अडला हरी गाढवाचे पाय धरी, तशी मी शेवटी सिक्युरिटी एजन्सीच्या दारात गेले. तिथल्या माणसानं माझ्याकडे न बघता माप विचारलं आणि निळी पॅन्ट-शर्ट टेबलावर टाकली. कंपनी कुठली ते दुसऱ्या दिवशी गेटवर पोचल्यावर कळलं. तीच, पितळवाली.

सुपरवायझरनं काम समजावलं. पंचविशीचा माणूस, तोंडात सतत बडीशेप. "मशीन टीं टीं करतं, पण बायांच्या अंगावर हूक, जोडवी, मंगळसूत्र, सगळंच वाजतं. तेव्हा हात लावूनच बघायचं. संशय आला तर सगळं बघायचं. सगळं, समजलं ना?" मी म्हटलं, अडचणीचे दिवस असतात एखादीचे. तो बडीशेप चघळत म्हणाला, "तेच तर दिवस असतात लपवायचे." थुंकावंसं वाटलं मला. थुंकले नाही. त्याच वेळी मोठ्या साहेबांची गाडी बाहेर निघाली. त्यानं मला सलाम ठोकायला लावला. त्या गाडीची डिकी कुणी उघडून बघत नाही.

पहिल्या दिवशी संध्याकाळी लाइनमध्ये माझी जोडीदारीण पाचवी-सहावी होती. पडदा सारून आत आली. मला बघून थांबली. मला वाटलं, हसेल. 'काय गं, आलीस का शेवटी' असं काहीतरी म्हणेल. तिनं हात वर केले, मान वळवली आणि म्हणाली, "बगा मॅडम."

चार महिने हेच. बगा मॅडम. झालं का मॅडम. डबा ती स्वतः उघडून समोर धरायची. आत लख्ख घासलेलं स्टील, मला माझं तोंड दिसायचं. तसं सांगायला लाज वाटते, पण दिवसभरात मी त्या डब्याची वाट बघायची. बाकी सगळ्या घामात आणि वासात तेवढीच एक स्वच्छ गोष्ट माझ्यासमोर यायची. वाटायचं, ही रागावलीय, पण हिनं अजून माझ्यावर घाण डब्यात बोटं घालायची वेळ आणलेली नाही. तोपर्यंत सगळं संपलेलं नाही.

मग पितळी तुकडे कमी भरायला लागले. बाया अंबाड्यात घालून नेतात, अशी चुगली कुणीतरी केली. सुपरवायझर पडद्याबाहेर येऊन उभा राहिला आणि मोठ्यानं म्हणाला, "जुन्या ओळखीच्यांना सोडता म्हणे तुम्ही. आज अंबाडे सोडून बघा. सगळ्यांचे."

त्या दिवशी घाईत तीन-चार बाया एकदमच आत घेतल्या होत्या. तिची पाळी आली. तिनं हात वर केले. अंबाड्याकडे माझा हात गेला तेव्हा ती हळूच म्हणाली, "ऱ्हाऊ द्या."

तिच्या अंबाड्यात काय आहे ते मला माहीत होतं. टायफॉइडनंतर तिचे केस गेले होते, आणि कापडबाजारात गंगावन घ्यायला तिच्यासोबत मीच गेले होते. रंग जुळतो का ते मीच उजेडात धरून पाहिलं होतं. हे आम्हा दोघींशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. मी नुसतं दाबून बघू शकले असते. माझ्या बोटांना तेवढं पुरलं असतं. पण बाहेरून तो म्हणाला, "झालं का?" आणि मी आकडा ओढला.

गंगावन माझ्या हातात आलं. मेलेलं काहीतरी हातात यावं तसं, तेलकट, थंड. मागची एक पोरगी फिसकन हसली. मग दुसरी. ती डोक्यामागं एक हात धरून उभी राहिली, दुसरा हात माझ्यापुढं पसरला. मी त्यावर गंगावन ठेवलं. 'चुकलं' म्हणायला तोंड उघडलं तर पुढची आत आली.

त्या रात्री मला स्वतःच्या हातांची जी शिसारी आली, ती परक्या घामाची कधी आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती डोक्याला ओढणी बांधून आली. संध्याकाळी पडद्याआड येऊन हात वर केले. सुपरवायझर बाहेरच होता. मग तिनं डबा पुढं केला. बंद. इतक्या दिवसांत पहिल्यांदा झाकण तिनं उघडलं नाही.

"उगडा मॅडम."

मी उघडला. आंबूस वास नाकात गेला. आमटी, तिच्यावर थिजलेलं तेल, फुगलेले भाकरीचे लगदे, आणि चोखून टाकलेल्या शेवग्याच्या शेंगा.

शक्कल माझीच, मी ओळखली. पण त्याच क्षणी दुसरा विचार आला आणि मी त्याला धरून बसले. ही बाई डबा घाण ठेवत नाही. हिला जमतच नाही. मग ही आमटी काहीतरी झाकायलाच असणार. खाली पितळ असणार. ठेकेदार तिला काढणार अशी कुजबुज होती, घरात पोरीची फी होती. घेतले असतील चार तुकडे, कंपनी काय बुडते का त्यानं! मी ठरवूनही टाकलं. तुकडा लागला तर मुठीत घ्यायचा, माझ्या खिशात सोडायचा आणि बाहेर सांगायचं, काही नाही. नोकरी गेली तर जाऊ दे. चोर असली तरी चालेल. फक्त ही आमटी कंपनीसाठी असू दे, माझ्यासाठी नको.

मी बोटं घातली. तळापर्यंत. कडेनं फिरवली, मधून फिरवली, लगदे फोडून बघितले. देवा, काहीतरी लागू दे. शेंगेची शीर लागली, तुरीचं टरफल लागलं, मोहरीचा दाणासुद्धा वेगळा लागला. बाहेरून सुपरवायझर म्हणाला, "इतका वेळ काय चाललंय?" मी पुन्हा एकदा तळ खरवडला. सव्वीस आणि अठ्ठावीस गेजमधला फरक ओळखणारी बोटं ती, चुकणार थोडीच.

ती माझ्या तोंडाकडे बघत होती. चार महिन्यांत पहिल्यांदा ती माझ्याशी एकेरीत बोलली.

"घावलं का गं काई?"

"न्हाई," मी म्हटलं.

तिनं झाकण लावलं, डबा पिशवीत ठेवला आणि पडदा सारून गेली. पुढची बाई आत येऊन हात वर करून उभी राहिली. हात धुवायला नळ गेटच्या पलीकडे होता, आणि लाइन अजून अर्धी बाकी होती. मी बोटं पॅन्टला पुसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा भरताना मी त्यात चमचा टाकला. सासूबाई म्हणाल्या, "भाकरीला चमचा कशाला गं?"

म्हटलं, असू द्या.